१९३७ ते १९६७ या काळातील ब्रिटिश चलनी नाणी : संग्रह कसा सुरू करावा आणि कसा जपावा

परदेशी नाण्यांचा संग्रह करू पाहणारे अनेक जण मिळेल ते नाणे घेत जातात आणि दोन-चार वर्षांनी त्यांच्याकडे पन्नास देशांची, एकमेकांशी काहीही संबंध नसलेली नाणी साचतात. त्याऐवजी एकाच देशाचा, एकाच काळाचा आणि शक्यतो एकाच मूल्याच्या नाण्याचा संग्रह केला, तर बघण्याची नजर लवकर तयार होते. अशा संग्रहासाठी सहावे जॉर्ज आणि दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या काळातली, म्हणजे १९३७ ते १९६७ या वर्षांची ब्रिटिश चलनी नाणी फार सोयीची आहेत, असे माझे ठाम मत आहे. ही नाणी मोठ्या संख्येने पाडली गेल्यामुळे बहुतेक वर्षांची नाणी आजही सामान्य माणसाला परवडतात. तरीही या तीस वर्षांत नाण्यांचा धातू बदलला, राजाची बिरुदे बदलली, एक नाणे कायमचे बंद झाले आणि त्यानंतर लवकरच ती सगळी पद्धतच मोडीत निघाली. हे सारे बदल नाण्यावर डोळ्यांनी वाचता येतात आणि त्यांतला एक बदल तर थेट भारताच्या स्वातंत्र्यामुळे झालेला आहे.

आधी हिशोब समजून घ्यावा

एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगचे बारा पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. पेनीचा अर्धा भाग म्हणजे हाफपेनी आणि पाव भाग म्हणजे फार्दिंग. त्यावर तीन पेन्स, सहा पेन्स, शिलिंग, दोन शिलिंगचे फ्लोरिन, अडीच शिलिंगचे हाफ क्राउन आणि क्वचित पाडले जाणारे पाच शिलिंगचे क्राउन, अशी ही उतरंड होती. ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून रुपयाचे सोळा आणे आणि १९२ पै हा हिशोब ऐकला आहे, त्यांना हे अवघड वाटणार नाही. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली, तर ब्रिटनने तोच बदल त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९७१ रोजी केला.

या नाण्यांची वजने पाठ करण्याची गरज नाही, परंतु त्यांतली संगती एकदा लक्षात घेतली की ती विसरली जात नाही. शिलिंगचे वजन ५.६६ ग्रॅम आहे. सहा पेन्सचे नाणे त्याच्या निम्मे, म्हणजे २.८३ ग्रॅम, फ्लोरिन दुप्पट, म्हणजे ११.३१ ग्रॅम, आणि हाफ क्राउन अडीचपट, म्हणजे १४.१४ ग्रॅम भरते. पांढऱ्या धातूच्या नाण्यांत मूल्य आणि वजन यांचे प्रमाण असे कायम ठेवलेले आहे. कांस्याच्या नाण्यांत मात्र हे प्रमाण नाही. पेनी ९.४५ ग्रॅम, हाफपेनी ५.६७ ग्रॅम आणि फार्दिंग २.८३ ग्रॅम वजनाचे असते. पितळी छटेचे, बारा कडांचे तीन पेन्सचे नाणे ६.८ ग्रॅमचे आहे. दोन दशांश स्थळे दाखवणारा लहान डिजिटल काटा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग ही दोन साधने पहिले नाणे विकत घेण्यापूर्वीच जवळ असावीत. सोनारकामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत दोन्ही मिळतात.

सुरुवात फार्दिंगपासून करावी

नवख्या संग्राहकाला मोठे नाणे आकर्षक वाटते, म्हणून तो क्राउन किंवा हाफ क्राउनकडे वळतो. माझा सल्ला नेमका उलट आहे. सर्वांत लहान, सर्वांत कमी मूल्याच्या फार्दिंगपासून सुरुवात करावी. हॅरॉल्ड विल्सन पार्कर यांनी रेखाटलेला, शेपटी वर उभारून बसलेला रेन हा इवलासा पक्षी १९३७ पासून या नाण्याच्या मागच्या बाजूवर आला आणि १९५६ मध्ये फार्दिंग पाडणे बंद होईपर्यंत तो तिथेच राहिला. या काळात एकही वर्ष चुकलेले नाही, त्यामुळे सोळा वर्षे सहाव्या जॉर्जची आणि चार वर्षे एलिझाबेथची मिळून बरोबर वीस नाण्यांत ही मालिका पूर्ण होते. वीसही नाणी बाजारात मिळतात आणि त्यांतले कोणतेही वर्ष चलनी दर्जात इतके दुर्मीळ नाही की ते परवडणार नाही. शेवटच्या १९५६ च्या वर्षाची नाणी वीस लाखांच्या आसपासच असल्याने त्याला थोडे अधिक मोजावे लागतात, इतकेच.

या मालिकेचा दुसरा फायदा असा की फार्दिंग युद्धानंतरच्या महागाईत फारसे वापरले जात नव्हते, त्यामुळे नंतरच्या वर्षांची पुष्कळ नाणी कमी झिजलेली सापडतात. कांस्याची मूळ तांबूस झळाळी कशी असते, ती कुठून आधी विझते आणि हात लागलेले नाणे न लागलेल्या नाण्यापासून कसे वेगळे दिसते, हे शिकायला याहून स्वस्त साधन नाही.

पहिली जोडी म्हणून १९४८ आणि १९४९ ची दोन फार्दिंगे घ्यावीत आणि ती राजाचा मुखवटा वर ठेवून शेजारी शेजारी मांडावीत. टी. हम्फ्रे पॅजेट यांनी केलेला राजाचा चेहरा दोन्हींवर तोच आहे. मानेखाली त्यांची एच आणि पी ही आद्याक्षरे भिंगातून दिसतात. आता कडेने फिरणारा लॅटिन मजकूर डावीकडून उजवीकडे वाचावा. १९४८ च्या नाण्यावर तो ‘इंड इंप’ या दोन संक्षिप्त शब्दांनी संपतो, म्हणजे हा राजा भारताचा सम्राटही आहे. १९४९ च्या नाण्यावर ते दोन शब्द नाहीत आणि मोकळी झालेली जागा भरण्यासाठी आधी केवळ दोन अक्षरांत उरकलेले ‘धर्मरक्षक’ हे बिरुद लांबवून लिहिलेले आहे. भारत १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, परंतु हे बिरुद सोडल्याचा राजाचा जाहीरनामा २२ जून १९४८ रोजी निघाला. म्हणून १९४७ ची आणि १९४८ ची ब्रिटिश नाणी अजून भारताचे सम्राटपद मिरवतात आणि १९४९ पासूनची मिरवत नाहीत. मराठी संग्राहकाने ही जोडी सर्वांत आधी घ्यावी, यापेक्षा अधिक आग्रहाची दुसरी सूचना माझ्याकडे नाही.

बिरुदे वाचायला शिकावे

हाच बदल इतर मूल्यांतही शोधावा, परंतु जागा बदलते हे ध्यानात ठेवावे. पेनी, हाफपेनी, फार्दिंग आणि पितळी तीन पेन्स यांवर पूर्ण मजकूर राजाच्या बाजूला आहे. सहा पेन्सपासून हाफ क्राउनपर्यंतच्या पांढऱ्या नाण्यांवर तो दोन्ही बाजूंत वाटलेला असल्याने ‘इंड इंप’ हे शब्द मागच्या बाजूला, मूल्य आणि वर्ष यांच्या सोबत शोधावे लागतात. सहा पेन्सच्या नाण्यावर तर आणखी एक खूण आहे. १९४८ पर्यंत त्याच्या मागच्या बाजूला जी, आर आणि आय ही तीन अक्षरे गुंफलेली आहेत, त्यांतले शेवटचे अक्षर सम्राटपदाचे आहे. १९४९ पासून ते अक्षर गेले आणि त्या जागी राजाच्या नावाची व क्रमांकाची नवी गुंफण आली. एका शब्दासाठी एका नाण्याची मागची बाजू नव्याने घडवावी लागली, हे सहा पेन्सची दोन नाणी हातात घेतल्याशिवाय नीट उमगत नाही.

६ फेब्रुवारी १९५२ रोजी सहाव्या जॉर्जचे निधन झाले, तरी १९५२ सालची सगळी चलनी नाणी त्यांच्याच चेहऱ्याची आहेत. एलिझाबेथची पहिली नाणी १९५३ ची. मेरी गिलिक यांनी घडवलेला, उजवीकडे पाहणारा, मुकुटाऐवजी केसांत पानांची माळ असलेला तरुण चेहरा या नाण्यांवर आहे. १९५३ च्या नाण्यांवरच्या मजकुरात ‘समस्त ब्रिटनांची राणी’ अशा अर्थाचे दोन लॅटिन संक्षेप आहेत आणि १९५४ पासून तेही काढून टाकले गेले, कारण राष्ट्रकुलातले देश आता स्वतंत्र राज्ये होती. म्हणजे फार्दिंगच्या वीस नाण्यांत मजकुराचे चार प्रकार सापडतात. १९३७ ते १९४८ हा पहिला, १९४९ ते १९५२ हा दुसरा, १९५३ हे एकच वर्ष असलेला तिसरा आणि १९५४ ते १९५६ हा चौथा. ज्याला वीस नाणी घ्यायची नाहीत, त्याने या चार प्रकारांचे प्रत्येकी एक उत्तम नाणे घेतले, तरी तो अर्थपूर्ण संग्रह होतो.

चांदी कुठे संपते

या काळातील पांढऱ्या नाण्यांबद्दल बाजारात सर्वाधिक गैरसमज आहेत आणि पैसेही तिथेच जास्त बुडतात. ब्रिटनने १९२० मध्ये नाण्यांतील चांदीचे प्रमाण ९२.५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणले आणि १९४७ पासून चलनी नाण्यांतली चांदी पूर्णपणे काढून टाकली. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, हे त्यामागचे मुख्य कारण. १९४७ पासूनची नाणी ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल यांच्या मिश्रधातूची आहेत. तेव्हा नियम सोपा आहे. १९३७ ते १९४६ मधले वर्ष असेल तर निम्मी चांदी, १९४७ किंवा नंतरचे असेल तर चांदी अजिबात नाही. नाण्याचे वजन आणि आकार दोन्ही काळांत तोच ठेवलेला असल्यामुळे काट्यावर हा फरक कळत नाही. वर्षच पाहावे लागते.

निम्म्या चांदीच्या हाफ क्राउनमध्ये ७.०७ ग्रॅम, फ्लोरिनमध्ये सुमारे ५.६५ ग्रॅम आणि शिलिंगमध्ये सुमारे २.८३ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणाकार केला की झिजलेल्या, सामान्य वर्षाच्या नाण्याची किमान किंमत समजते. विक्रेता त्याच्या अनेकपट मागत असेल, तर त्याचे कारण नाण्याच्या दर्जात किंवा वर्षात दिसले पाहिजे. ‘ब्रिटिशांच्या काळातले चांदीचे नाणे’ म्हणून १९४७ नंतरचे फ्लोरिन विकले जात असेल, तर ते हातात घेऊन खाली ठेवावे. झिजलेल्या निम्म्या चांदीला उंच भागांवर किंचित पिवळट-गुलाबी झाक येते, तर तांबे-निकेलचे नाणे झिजले तरी करडेच राहते. हा फरक डोळ्यांत भरायला दोन्ही प्रकारची काही नाणी उन्हात एकत्र पाहावी लागतात.

शिलिंगच्या बाबतीत एक विशेष आहे. १९३७ पासून १९६६ पर्यंत, १९५२ वगळता, दर वर्षी इंग्लिश आणि स्कॉटिश असे दोन प्रकार पाडले जात होते. सहाव्या जॉर्जच्या इंग्लिश शिलिंगवर मुकुटावर उभा सिंह आहे आणि स्कॉटिशवर हातांत तलवार व राजदंड घेऊन समोर तोंड करून बसलेला सिंह. एलिझाबेथच्या काळात दोन्हींवर ढाली आल्या. इंग्लिश ढालीत एकाखाली एक असे तीन सिंह आणि स्कॉटिश ढालीत मागच्या पायांवर उभा एकच सिंह. एकाच वर्षाची जोडी जमवणे हा शिलिंगच्या संग्रहातला खरा आनंद आहे.

कोणती वर्षे अडवतात

पेनीमध्ये १९४१, १९४२ आणि १९४३ या वर्षांची नाणी नाहीत, तेव्हा ती शोधत बसू नये. १९४४ ते १९४६ च्या पेन्या टांकसाळीतच रासायनिक प्रक्रियेने काळसर केल्या जात होत्या. त्यामुळे या वर्षांची गडद पेनी पाहून ती खराब झाली असे समजू नये आणि याच वर्षांची लखलखीत तांबूस पेनी कुणी दाखवली, तर ती नंतर घासली असावी असा संशय घ्यावा. १९५० ची पेनी सुमारे २,४०,००० आणि १९५१ ची सुमारे १,२०,००० इतकीच पाडली गेली. ही नाणी मोठ्या प्रमाणात बर्म्युडा बेटांवर पाठवलेली होती आणि संग्राहकांच्या मागणीमुळे पुढे परत ब्रिटनमध्ये आली. म्हणून ती दुर्मीळ असूनही अनेकदा चांगल्या दर्जात मिळतात. १९५३ ची पेनी मुख्यतः राज्याभिषेकाच्या वर्षीच्या संचांमधून आलेली आहे. १९५४ ची एकच पेनी ज्ञात आहे आणि त्यानंतर पेनी पुन्हा चलनात आली ती १९६१ मध्ये. १९६७ नंतर वर्षाचा आकडा न बदलता पेन्या पाडल्या जात राहिल्या, म्हणून १९६७ ची पेनी कुणीही मोठ्या किमतीला विकू लागले तर घेऊ नये.

पितळी तीन पेन्समध्ये दोन वर्षे अवघड आहेत. १९४६ ची सुमारे ६,२०,००० आणि १९४९ ची सुमारे ४,६४,००० नाणी पाडली गेली. दोन्ही वर्षे झिजलेल्या दर्जातही महाग असतात आणि उत्तम दर्जात तर फारच. १९५० आणि १९५१ ही त्यांच्या मागोमाग येतात. १९४७ चे हे नाणे पाडलेलेच नाही. तीन पेन्सचे लहान चांदीचे नाणेही याच काळात चालू होते, परंतु १९४२ ते १९४४ ची नाणी वसाहतींसाठी पाडलेली असल्याने कमी दिसतात आणि १९४५ ची जवळजवळ सगळी वितळवली गेली.

सहा पेन्समध्ये १९५२ हे वर्ष लक्षात ठेवावे; सुमारे दहा लाख नाणी, आणि तीही बहुतेक वापरात झिजलेली. शिलिंगमध्ये १९५९ चा स्कॉटिश प्रकार सुमारे पावणेअकरा लाखांचा आहे. फ्लोरिनमध्ये १९५७ ते १९५९ आणि हाफ क्राउनमध्ये १९५४ व १९५८ ही वर्षे झिजलेल्या दर्जात क्षुल्लक किमतीला मिळतात, पण मूळ झळाळीसह मिळवायची म्हटली की कस लागतो. यातून एक गोष्ट ध्यानात येईल : या काळातल्या नाण्यांत दुर्मीळता बहुतेक वेळा वर्षाची नसून दर्जाची असते.

क्राउनबद्दल थोडक्यात सांगायचे, तर १९५१ चे ब्रिटन महोत्सवाचे, १९५३ चे राज्याभिषेकाचे, १९६० चे आणि १९६५ चे चर्चिल यांच्या स्मरणार्थ काढलेले अशी ही नाणी खिशात फिरण्यासाठी नव्हती. चर्चिल यांचे क्राउन तर एक कोटी नव्वद लाखांहून अधिक पाडले गेले आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत कुणीतरी विलायतेहून आणलेले ते सापडते. आठवण म्हणून ते जरूर जपावे. चलनी नाण्यांच्या संग्रहात त्याला जागा देण्याची गरज नाही.

दर्जा ओळखणे

ब्रिटिश पद्धतीत फार झिजलेल्या नाण्यापासून न वापरलेल्या नाण्यापर्यंत चढत जाणाऱ्या दर्जाच्या मुख्य पायऱ्या म्हणजे फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड. आपल्याकडचे विक्रेते शेवटच्या तिन्हींना व्हीएफ, ईएफ आणि यूएनसी म्हणतात आणि त्यांत बहुधा एक पायरी वर चढवून सांगतात. म्हणून दर्जा दुसऱ्याच्या तोंडून न घेता स्वतः ठरवावा.

त्यासाठी नाण्याचा सर्वांत उंच भाग पाहावा, कारण झीज तिथून सुरू होते. सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्यावर कानावरचे केस आणि भुवई आधी सपाट होते. एलिझाबेथच्या चेहऱ्यावर पानांच्या माळेजवळचे केस आणि खांद्यावरची वस्त्राची घडी पाहावी. मात्र १९५३ च्या नाण्यांवर हा खांदा मुळातच पुसट उमटलेला आहे, तेव्हा तो झिजला असे घाईने ठरवू नये. फार्दिंगवर रेनच्या छातीची आणि पंखाची पिसे, हाफपेनीवर गलबताची शिडे आणि दोर, पेनीवर बसलेल्या ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीची, छाती आणि शिरस्त्राण, हाफ क्राउनवर आणि एलिझाबेथच्या शिलिंगवर ढालीतल्या सिंहांची अंगे तपासावीत.

झीज आणि झळाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला वेळ लागतो. नाणे दिव्याखाली कडेला धरून हळूहळू फिरवले, तर न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाची एक पट्टी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरताना दिसते. साच्याच्या दाबाने धातू बाहेर सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषांवर हा प्रकाश खेळतो. घासून चमकवलेले नाणे सगळीकडून एकसारखे चकाकते, पण त्यावर ही पट्टी फिरत नाही. भिंगातून पाहिले तर एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. एवढी एक चाचणी मनाशी पक्की झाली, तर बहुतांश फसवणूक टळते.

कुठे शोधावे आणि कसे घ्यावे

सर्वांत आधी घरात आणि नातलगांकडे विचारावे. कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, बोटीवर नोकरीला गेलेल्यांच्या आणि पन्नास-साठच्या दशकांत शिक्षणासाठी किंवा डॉक्टरकीसाठी विलायतेला जाऊन आलेल्यांच्या घरी जुन्या ट्रंकेत सुटी नाणी उरलेली असतात. अशी नाणी दर्जाने मध्यम असली, तरी ती कुणी, कधी आणली हे सांगणारे माणूस अजून हयात असेल, तर ती माहिती लगेच लिहून घ्यावी.

पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि फोर्ट भागातले पदपथावरचे नाणेविक्रेते यांच्याकडे ब्रिटिश नाणी ढिगात मिळतात. ढीग चाळताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पेनीचा आकार १८६० पासून तोच असल्यामुळे व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या पेन्या त्यातच मिसळलेल्या असतात. आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची पेनी, शिलिंग व फ्लोरिन ही नाणी ब्रिटिश नाण्यांच्याच मापाची असल्यामुळे तीही हाताला लागतात. आयरिश नाण्यावर वीणा असते. रामदरबाराची चित्रे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली ‘जुनी नाणी’ ज्या ढिगात विकायला ठेवली आहेत, तिथे बाकीचा मालही तितक्याच सावधपणे पाहावा, कारण ती कंपनीची खरी नाणी नव्हेतच.

चांगल्या दर्जाची नाणी मात्र शेवटी ब्रिटनमधल्या विक्रेत्यांकडून किंवा लिलावांतूनच घ्यावी लागतात. तिथे फार्दिंग स्वस्त असते आणि टपालखर्च महाग, म्हणून एकेक नाणे न मागवता सात-आठ नाण्यांची यादी एकदम करावी. दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे असल्याशिवाय नाणे घेऊ नये. पार्सलवर वस्तूचे वर्णन आणि किंमत खरी लिहायला सांगावी. सीमाशुल्क लागू झाल्यास ते भरण्याची तयारी ठेवावी. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातली शंभर वर्षांची अट या काळातल्या नाण्यांना अजून लागू होत नाही, त्यामुळे ती बाळगण्यात आणि त्यांचा व्यवहार करण्यात त्या कायद्याची अडचण येत नाही.

कुटुंबातले कुणी लंडन, लेस्टर किंवा मँचेस्टरला राहत असेल, तर त्यांना सेकंडहँड वस्तूंच्या दुकानांतले सुट्या नाण्यांचे डबे पाहायला सांगावे, पण काय शोधायचे याची नेमकी यादी पाठवावी. ‘जुनी नाणी दिसली की घे’ असे सांगितले, तर पाच किलो झिजलेल्या पेन्या घरी येतात.

नाणे हातात आले की वजन करावे, लोहचुंबक लावून पाहावे आणि वर्षाचे आकडे भिंगातून तपासावेत. या काळातले कोणतेही ब्रिटिश चलनी नाणे चुंबकाला चिकटत नाही. १९४६ किंवा १९४९ च्या तीन पेन्सवर, तसेच १९५० किंवा १९५१ च्या पेनीवर, शेवटच्या आकड्याभोवती खरवडल्याच्या खुणा, रंगातला फरक किंवा इतर आकड्यांशी न जुळणारी उंची दिसली, तर सामान्य वर्षाचे नाणे कोरून बदललेले असण्याची शक्यता धरावी. नाणे उभ्या अक्षाभोवती, म्हणजे पुस्तकाचे पान उलटावे तसे, फिरवल्यावर मागची बाजू सरळच दिसली पाहिजे.

स्वच्छता आणि साठवण

नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख, तांब्याची भांडी घासायची पूड, टूथपेस्ट यांतले काहीही कांस्याच्या नाण्याला लावू नये. देव्हाऱ्यातल्या तांब्याला जे शोभून दिसते, ते नाण्याचा वरचा थर कायमचा काढून टाकते आणि तो थर गेला की नाण्याची संग्राहकांच्या दृष्टीने असलेली किंमत जवळजवळ संपते. सैल धूळ असेल, तर डिस्टिल्ड पाण्यात काही वेळ बुडवून ठेवावे आणि मऊ कापडावर न चोळता टिपून वाळवावे. तेलकटपणा किंवा चिकटपट्टीचा डिंक असेल, तर शुद्ध असिटोन खिडकी उघडी ठेवून, आगीपासून दूर, काचेच्या वाटीत वापरता येते. नखांचा रंग काढायचे द्रावण त्याऐवजी चालत नाही. त्यात सुगंध आणि तेले मिसळलेली असतात.

महाराष्ट्रात, आणि त्यातही मुंबई, कोकण व गोव्यात, खरा शत्रू पावसाळा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या दमट हवेत कांस्याच्या नाण्यावर हिरवे ठिपके येऊ लागतात आणि ते वेळीच पाहिले नाहीत, तर धातू पोखरत जातात. नाणी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि पावसाळ्यात पुड्या अधूनमधून गरम करून वाळवाव्यात किंवा बदलाव्यात. डबा उघडायचा तो कोरड्या दिवशी. हिरवा ठिपका आलेले नाणे लगेच बाकीच्यांपासून वेगळे करावे.

बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या अल्बमपासून दूर राहावे. ते बहुधा पीव्हीसीचे असतात आणि काही वर्षांनी त्यातून चिकट हिरवट थर नाण्यावर उतरतो. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे किंवा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली पारदर्शक खिडकी वापरावी. चौकटीला लावलेल्या पिना पक्कडीने सपाट दाबाव्यात, नाहीतर त्या शेजारच्या नाण्याला ओरखडतात. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड आणि लोकर नाण्यांजवळ ठेवू नये, कारण त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. नव्या प्लायवूडच्या कपाटातल्या गोंदाच्या वाफाही नाण्यांना बाधतात. त्यापेक्षा जुने पोलादी कपाट चांगले. नाणे नेहमी दोन बोटांनी कडेला धरावे आणि खाली मऊ कापड पसरून मगच हातात घ्यावे.

नोंद आणि पुढची पायरी

प्रत्येक नाण्याची नोंद त्याच दिवशी करावी : मूल्य, वर्ष, मजकुराचा प्रकार, वजन, स्वतः ठरवलेला दर्जा, विक्रेत्याने सांगितलेला दर्जा, किंमत आणि ते कुठून आले. स्वतःचा आणि विक्रेत्याचा दर्जा वेगवेगळ्या रकान्यांत लिहिण्याची सवय फार उपयोगी पडते. वर्षभराने तीच नाणी पुन्हा तपासून नव्या रकान्यात दर्जा लिहिला, की आपली नजर कुठे सैल होती ते दिसते आणि कोणाकडून पुन्हा घ्यावे, कोणाकडून घेऊ नये, हेही ठरते.

फार्दिंगची वीस नाणी जमल्यावर त्यांतली जी सर्वांत कमजोर असतील, ती एकेक करून चांगल्या दर्जाच्या नाण्याने बदलावीत. त्यानंतर पितळी तीन पेन्सकडे वळावे. सहाव्या जॉर्जची पंधरा वर्षे आणि एलिझाबेथची १९५३ ते १९६७ ही पंधरा, अशी तीस नाण्यांची ती मालिका आहे. जॉर्जच्या नाण्यावर समुद्रकाठी उगवणारे थ्रिफ्टचे झुडूप आणि एलिझाबेथच्या नाण्यावर साखळ्या लोंबणारे किल्ल्याचे जाळीदार दार आहे. आधी अठ्ठावीस वर्षे पूर्ण करावीत आणि १९४६ व १९४९ च्या जागा मोकळ्या ठेवाव्यात. अठ्ठावीस नाणी पाहून तयार झालेल्या नजरेनेच ती दोन नाणी घ्यावीत, कारण त्या दोघांची किंमत उरलेल्या सगळ्या मालिकेहून अधिक होऊ शकते.